सालीसकट

स्वयंपाकघरात माझ्याकडे सोपवलेलं एकच काम आहे, दाणे भाजण्याचं, आणि तेही पुरतं माझं नाही. भाजायचे मी, चोळायचे मी, पाखडायला घ्यायचे मी, आणि मग ‘द्या इकडे’ म्हणत सूप हातातून काढून घ्यायचं ते हिनं. त्यात तिची चूक नाही. मंद आचेवर दाणे हलवत उभं राहायचं आणि दुसरं काहीही करायचं नाही, एवढीच अट असते, आणि नेमकी तीच मला पाळता येत नाही. मध्येच कुणाचा फोन येतो, फोनवर राजकारण निघतं, राजकारणाचा धूर कुठला आणि कढईचा कुठला हे वेळेवर कळत नाही, मग अर्धे काळे आणि अर्धे कच्चे असे दाणे ताटात ओतून मी ते गरम असतानाच चोळायला जातो, हात भाजतो, फुंकर हाताला घालायची की दाण्यांना या घोळात साली घरभर होतात, आणि उरलेल्या उडवायला म्हणून गॅलरीत जाऊन वाऱ्याची दिशा न बघता सूप झटकतो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर तांबडी नक्षी उमटते आणि तिच्यामागोमाग दाणेही कबुतरांच्या स्वाधीन होतात. सुपात राहतात त्या साली.

टरफलांचा प्रश्न लोकमान्यांनी शाळेतच निकालात काढला म्हणतात. सालींचा आमच्या सोसायटीत प्रलंबित होता.

तेव्हा शेंगदाण्याची ती तांबूस साल म्हणजे अँटिऑक्सिडंटांचा साठा आहे, असं माझ्या वाचनात आलं त्या दिवशी मला काय वाटलं असेल ते तुम्हीच ओळखा. आनंद आरोग्याचा नव्हता. पाखडण्यातून सुटण्याचा होता. ज्याला आजवर घरात आळस म्हणत, त्याला आता शास्त्राचा आधार मिळाला होता.

एखाद्या विषयाचा नाद लागला की मी त्यात बुडून जातो. पोहता येत नाही हा भाग वेगळा. मी वाचत सुटलो. दाण्याच्या वजनात साल जेमतेम तीन टक्के भरते, म्हणजे किलोमागे तीसेक ग्रॅम. पण दाण्यातली कॅटेचिनं, प्रोअँथोसायनिडिनं वगैरे मंडळी मुख्यतः त्या तीन टक्क्यांतच राहतात. त्याला कारणही आहे. आत तेल आणि प्रथिनं ठासून भरलेला दाणा जमिनीखाली, ओलीत, बुरशी आणि किड्यांच्या वस्तीत पडून राहणार. त्याच्या दारात कुणीतरी पहारेकरी हवा. साल तो पहारेकरी. आणि आम्ही पिढ्यानपिढ्या त्याला भाजून, चोळून, सुपातून हाकलून देत होतो!

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत फ्रान्समध्ये बोर्दोच्या विद्यापीठात जाक मास्कलिए नावाच्या तरुण संशोधकानं याच लाल सालीवर काम केलं. साल गुरांच्या चाऱ्यात घातली तर चालेल का, अशा साध्या शंकेतून ते निघालं, १९४८ साली त्यावर त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध झाला, आणि त्या सालीच्या अर्कापासून पुढे रक्तवाहिन्यांसाठी औषधसुद्धा निघालं. नंतर तो पाइनच्या सालीकडे आणि द्राक्षांच्या बियांकडे वळला, आणि आज ज्या द्राक्षबियांच्या गोळ्या बदामाच्या भावात विकल्या जातात त्यांचं मूळ आपल्या दाण्याच्या सालीत आहे. हे सगळं मी हिला सकाळी पोहे खाताना सांगितलं. त्यातून माझ्या ज्ञानात एका गोष्टीची भर पडली. ‘प्रोअँथोसायनिडिन’ हा शब्द तोंडात पोहे असताना उच्चारू नये.

पहिला प्रयोग आषाढी एकादशीला झाला. सासूबाई साताऱ्याकडून आल्या होत्या, खिचडीसाठी कूट हवं होतं, आणि ही देवाच्या खोलीत असल्याची संधी साधून मी दाणे न पाखडता सालीसकट मिक्सरमधून काढले आणि डबा ओट्यावर ठेवून दिला. खिचडी झाली तेव्हा तिचा रंग गढूळ तपकिरी होता. सासूबाईंनी पहिला घास घेतला, थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘‘जावईबापू, खिचडी मातीच्या भांड्यात केली का मातीची केली?’’

तुरट लागत होती, हे मला मान्य आहे. सालीतली टॅनिनं आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, जीभ आणि टाळू एकमेकांवर कोरडे घासतात, आणि त्यालाच आपण तुरटपणा म्हणतो. म्हणजे ती चव कमी आणि स्पर्श जास्त. कडक चहा, कच्चं केळं, सुपारी, सगळ्यांचं दुखणं तेच. हे मी तिथल्या तिथे सर्वांना समजावून सांगितलं. उपवासाला भगर करण्यात आली.

कूट बंद झालं म्हणून मी हरणारा नव्हतो. साल वेगळीच घ्यायची, असं ठरवून मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत साली साठवू लागलो. ओळखीपाळखीत कुणाकडे दाणे भाजले की साली माझ्यासाठी ठेवा म्हणून सांगून आलो, आणि लोकही असे भले, की कुणी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. माझ्याबद्दल त्यांचं काही मत आधीपासूनच असावं. मग त्या सालींचा काढा करायचा म्हणून भांडं शोधू लागलो. स्टीलची पातेली दुधाची, पितळेचं देवाचं, नॉनस्टिकला हात लावण्याची मला मनाई. उरली ती लोखंडी कढई. तिच्यात पाणी घालून मूठभर साली उकळत ठेवल्या.

आधी पाण्याला चहाचा रंग आला. मग तो गडद झाला, मग आणखी गडद, आणि पाणी आटून निम्मं होईपर्यंत कढईत हिरवट झाक असलेलं काळंभोर काहीतरी तयार झालं. मला भरून आलं. इतकं औषध त्या क्षुल्लक सालीत दडलं होतं, आणि बोर्दोच्या त्या माणसालासुद्धा ते असं काळं काढता आलं नसेल! रोज सकाळी तो काढा मी नाक दाबून घेऊ लागलो. माझं हिमोग्लोबिन कमी निघाल्यामुळे डॉक्टरांनी लोहाची गोळी सुरू केली होती. तीही, पुन्हा वेगळं पाणी कशाला म्हणून, त्याच काढ्याबरोबर गिळू लागलो. एका सकाळी हात थरथरला आणि काढा ऑफिसला घालायच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. सदरा ब्लीचमध्ये घातला, उन्हात टाकला, लिंबू चोळलं. डाग अजून आहे.

वरच्या मजल्यावर केमिस्ट्रीचे एक निवृत्त सर राहतात. सदरा दोरीवर बघून त्यांनी विचारलं, ‘‘शाई सांडली का?’’ मी म्हटलं, शाई कसली, औषध आहे, आणि कढई दाखवली. सरांनी कढई बघितली, काढा बघितला, माझ्याकडे बघितलं. मग एकेकाळी वर्गात ज्या आवाजात बोलत असतील त्या आवाजात म्हणाले, ‘‘हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत, ऐकलंय ना? हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोह. तुम्ही हिरड्याऐवजी दाण्याची साल घेतलीत आणि हिराकशीऐवजी कढई. बाकी कृती बरोबर आहे.’’

मी रोज सकाळी शाई पीत होतो. लिहिण्यासाठी जी वापरायची ती पोटात गेल्यामुळेच बहुधा त्या महिन्यात माझ्या हातून काही लिहून झालं नाही.

यापुढचा भाग डॉक्टरांकडे घडला. रक्त पुन्हा तपासलं तर हिमोग्लोबिन जिथल्या तिथे.

‘‘गोळ्या घेताय ना?’’

‘‘नियमित.’’

‘‘कशाबरोबर?’’

‘‘काढ्याबरोबर.’’

‘‘कसला काढा?’’

मी सविस्तर सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. टॅनिनं लोहाला कढईत धरतात तशी पोटातही धरतात, मग ते लोह शरीरात शोषलंच जात नाही. जेवणावर लगेच चहा घेऊ नका असं सांगतात ते याचसाठी. म्हणजे एका हातानं मी लोह घेत होतो आणि त्याच हातातल्या पेल्यानं ते परत पाठवत होतो. ‘‘काढा बंद करा,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘आणि पुढच्या वेळी येताना मिसेसना घेऊन या.’’

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण मधल्या काळात माझ्या वाचनात असं आलं होतं, की नेहमीची तांबूस साल ही या कुटुंबातली गरीब शाखा. खरे श्रीमंत म्हणजे काळ्या आणि जांभळ्या सालीचे दाणे. भुईमुगाच्या सालीला पांढऱ्यापासून फिकट गुलाबी, लाल, जांभळा, पट्टेरी आणि काळ्यापर्यंत सगळे रंग असतात, आणि त्यातल्या काळ्या-जांभळ्या सालीत अँथोसायनिनं असतात. जांभळाचा, कोकमाचा आणि वांग्याच्या सालीचा रंग ज्यांचा तीच ही मंडळी. मग मला तांबूस दाण्याकडे बघवेना.

मी मार्केट यार्डात भुसार बाजारात गेलो आणि एका पेढीवर जाऊन विचारलं, ‘‘काळे दाणे आहेत का?’’

गादीवरच्या शेटजींचा चेहरा उतरला. ‘‘साहेब, तीस वर्षं धंदा करतोय. आपल्याकडे काळा दाणा निघायचा नाही. सगळा सॉर्टेक्स माल.’’ आणि मला काही बोलू न देता त्यांनी ते सॉर्टेक्स काय असतं ते सांगितलं: दाणे पट्ट्यावरून घरंगळत येतात, कॅमेरा एकेक दाणा बघतो, आणि रंग वेगळा दिसला की हवेचा झोत मारून तो दाणा बाहेर. मी ज्याच्या शोधात रिक्षा करून आलो होतो, नेमकं तेच फेकून देण्यासाठी या लोकांनी लाखो रुपयांचं यंत्र बसवलं होतं.

शेवटी बाजाराच्या मागच्या बाजूला एका दुकानात न निवडलेलं पोतं सापडलं. मी त्यात कोपरापर्यंत हात घालून काळपट दाणे वेचू लागलो. दुकानदार आधी रागानं, मग कुतूहलानं आणि शेवटी दयेनं बघत होता. वजन करायला दिलं तर म्हणाला, ‘‘राहू द्या, न्या असेच.’’ बाजारात फुकट मिळणाऱ्या वस्तूबद्दल माणसाला संशय यायला हवा. मला त्या माणसाचा चांगुलपणा दिसला.

सुदैवानं त्या संध्याकाळी माझा मेहुणा गावाकडून ताज्या शेंगांचं गाठोडं घेऊन आला होता. कोरेगावाजवळ त्याची थोडी जमीन आहे, आणि भुईमूग हा त्याच्या बोलण्याचा विषय आहे. मी अभिमानानं पिशवी उघडून दाखवली. त्यानं एक दाणा फोडला, हुंगला आणि पिशवी माझ्या हातातून काढून थेट कचऱ्यात टाकली. ‘‘दाजी, ह्यो काळा न्हाई. ह्यो कुजका हाय. बुरशी आलीय त्याच्यावर.’’

आणि मग त्यानं मला अफ्लाटॉक्सिन सांगितलं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की कोंबड्या पटापट मेल्या. रोग कुठला ते कळेना म्हणून त्याला नावही अज्ञाताचंच दिलं, टर्की एक्स. आणि शोधता शोधता दोष निघाला तो त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत, ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीनं केलेल्या विषात. ते यकृतावर जातं, आणि घरच्या भाजण्यानं नाहीसं होत नाही. मेहुण्याला हे शेतकरी मेळाव्यात कृषी अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. दहावीनंतर शेती धरलेल्या त्या माणसासमोर, टेबलावर सहा पुस्तकं उघडी टाकून बसलेला मी गप्प उभा होतो. ‘‘सुरकुतलेला, काळवंडलेला, कडू लागलेला दाना थुकायचा दाजी,’’ तो म्हणाला. मी ते वहीत लिहून घेतलं. इतकं उपयोगी वाक्य त्या सहा पुस्तकांत नव्हतं.

खरे काळे दाणे मग ऑनलाइन मागवले. पिशवी एवढीशी, किंमत एवढी मोठी. पण दाणे मात्र देखणे, तुळतुळीत, आत पांढरेशुभ्र. ही म्हणाली, नुसते कशाला खाताय, उसळ करते, भिजत घाला. मी भिजत घातले. सकाळी बघतो तर पाणी गडद जांभळं! माझ्या मनात लगेच आलं, फसवणूक. साधे दाणे आणून रंगात बुडवले असणार. मी चिडून ते पाणी ओतून दिलं, दुसरं घातलं, त्यालाही रंग आला, तेही ओतलं, आणि पाणी नितळ येईपर्यंत दाणे धूत राहिलो. मधल्या वेळात ग्राहक मंचाकडे करायच्या तक्रारीचा मसुदाही तयार केला, आणि तो भाषेच्या दृष्टीनं फार चांगला उतरला होता. अभिप्राय द्यावा म्हणून तो वरच्या सरांना वाचून दाखवला.

सरांनी विचारलं, ‘‘पाणी कुठाय?’’

‘‘ओतलं.’’

‘‘अहो, अँथोसायनिनं पाण्यात विरघळतात. ज्याचे पैसे मोजलेत ते त्या पाण्यात होतं.’’

आमच्या घरात सध्या सगळ्यांत निरोगी जर काही असेल, तर तो सिंकचा पाइप.

सरांनी माझी अवस्था बघून उरलेल्या दाण्यांतले थोडे वाटीत भिजवले आणि एक खेळ दाखवला. जांभळ्या पाण्यात लिंबू पिळलं, पाणी लालबुंद झालं. दुसऱ्या वाटीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, ते निळसर हिरवं झालं. अँथोसायनिनांचा रंग आंबटपणावर ठरतो. कोकमाचा रंग इतका लाल येतो, कारण ते मूळचंच आंबट. हे सगळं इतकं छान होतं की आनंदाच्या भरात मी वाटी उचलून उजेडाकडे धरली आणि दुसरा सदरा गेला.

खरं सांगायचं तर, यात सगळ्यांत मोठा धक्का मला सरांनी दिला नाही, हिनं दिला. मी फ्रीजवर एक तक्ता लावला होता. कोणत्या पदार्थात अँटिऑक्सिडंट किती, याचे आकडे प्रयोगशाळेत काढतात. त्यांची मोठी यादी अमेरिकेच्या कृषी खात्यानं एकेकाळी प्रसिद्ध केली होती. मी त्यातले आकडे उतरवून, रंगीत पेनांनी रेघा मारून, त्यावरून घरात कोण काय खातो याची बेरीज करत असे. हिनं एक दिवस शांतपणे सांगितलं, की तीच यादी त्या खात्यानं २०१२ साली स्वतःच काढून टाकली. कारण परीक्षानळीत जे घडतं ते पोटात घडतंच असं नाही, आणि लोक त्या आकड्यांचा भलताच अर्थ लावू लागले होते. ‘‘लोक म्हणजे तुम्ही,’’ एवढं तिनं पुढे जोडलं. सालीतली मोठाली प्रोअँथोसायनिडिनं आतड्यातून सरळ रक्तात जाण्याइतकी लहान नसतात. ती खाली मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात. त्या जिवाणूंना माझ्या तक्त्याचं काही पडलेलं नव्हतं.

मग मी शेवटचा पत्ता काढला. रेझव्हेराट्रॉल. रेड वाइनमुळे गाजलेलं, आणि शेंगदाण्यातही सापडणारं. यातली एक गोष्ट मला फार आवडते: बुरशी लागली, किडीनं पोखरलं, जखम झाली, की भुईमूग ते स्वतःत जास्त तयार करतो. संकट आलं की त्याच्यात रेझव्हेराट्रॉल तयार होतं. माझ्यावर संकट आलं की माझ्यात घाम तयार होतो.

ही बँकेतून निवृत्त झालेली आहे. तिनं पाकिटाच्या मागच्या बाजूवर हिशेब मांडला. दाण्यात हे द्रव्य ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅम धरू, म्हणजे उदारपणे धरू. भाजलेल्यात त्याहून पुष्कळ कमी असतं. माणसांवरच्या प्रयोगांत देतात ते शेकडो मिलिग्रॅम. आपण शंभरच धरू. तर शंभर मिलिग्रॅमसाठी दाणे लागतील पन्नास किलो. पन्नास किलो दाण्यांत उष्मांक दोन लाख ऐंशी हजारांच्या वर, म्हणजे माणसाचं साडेचार महिन्यांहून जास्त दिवसांचं जेवण, आणि ते तुम्हाला एका दिवसात संपवायचंय. ‘‘भाजायला कधी बसताय?’’ असं विचारून तिनं पाकीट माझ्या हातात दिलं.

उरलेले काळे दाणे मी गच्चीतल्या कुंड्यांत पेरले. सालीचा रंग आईकडून येतो, कारण साल हा रोपाच्या स्वतःच्या शरीराचाच भाग असतो. काळ्या दाण्याच्या रोपाला शेजारच्या तांबूस रोपाचा पराग लागला तरी त्या शेंगांतले दाणे आईच्याच रंगाचे निघणार. सासूबाईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मग पोरगी वाया गेली नाही म्हणायची.’’ रोपं छान वाढली. पिवळी फुलं आली. आणि मग फुलांच्या जागेतून काही विचित्र जाडसर दोरे निघून खाली मातीकडे झुकू लागले. हवेत वाट चुकलेली मुळं असणार, ती रोपाची शक्ती खात असणार, असा विचार करून मी हिच्या शिवणाच्या कात्रीनं ती एकेक करून व्यवस्थित छाटली, टोकं समान केली, आणि फोटो मेहुण्याला पाठवला.

त्याचा फोन लगेच आला. बराच वेळ तो काही बोललाच नाही.

‘‘दाजी,’’ शेवटी म्हणाला, ‘‘त्या आऱ्या होत्या.’’

भुईमुगाचं फूल वर येतं आणि शेंग खाली धरते, आणि वरून खाली जाण्याचा रस्ता म्हणजे आऱ्या. आरी मातीत शिरते, तिच्या टोकाला शेंग धरते. मी तो सगळा रस्ताच नीट कापून काढला होता. पीक आलं नाही. हिची कात्री मात्र बोथट झाली.

तर सध्या आमच्याकडे अशी घडी बसली आहे. खारे आणि भाजलेले दाणे सालीसकट खायचे, कारण तसेच ते चांगले लागतात. कूट साल काढूनच, आणि पाखडणं हिच्याकडे. सीझनला मेहुण्यानं आणलेल्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, आणि त्यात मी कुणाचं ऐकत नाही, कारण रेझव्हेराट्रॉल उकडलेल्या शेंगांत भाजलेल्या दाण्यांपेक्षा जास्त असतं आणि उकडायला मला येतं. लोहाची गोळी साध्या पाण्याबरोबर. हिमोग्लोबिन वर सरकलं आहे. श्रीखंडाचे डबे धुऊन परत फडताळात गेले; साली कुंड्यांत पसरल्या, आणि मोगऱ्याची त्याबद्दल काही तक्रार नाही.

तुमच्याकडे कधी काळे दाणे आले तर भिजवलेलं पाणी उसळीतच घाला, ओतू नका. काळवंडलेला, कडू दाणा मात्र लगेच थुंका. आणि सालीच्या काढ्याचा डाग पांढऱ्या सुती सदऱ्यावरून कशानं जातो हे तुमच्यापैकी कुणाला नक्की ठाऊक असेल, तर कृपा करून कळवा. दोन सदरे आहेत. पत्र माझ्या नावानं पाठवू नका, हिच्या नावानं पाठवा. मला कळलं तर मी आधी ते करून बघेन.